वन्संवरचा डूख

लाँड्रीत तिला सगळे कडकताई म्हणत. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी तिच्या हाताखालून जात आणि तिनं घातलेली घडी मोडायची कुणाची छाती नव्हती. घरची घडी मात्र तिच्याच दारूनं कधीच विस्कटली होती. थर्मासमध्ये चहा असतो असं ती सांगायची, आणि नवरा मान डोलवायचा. तो कशालाही मान डोलवायचा.

सासऱ्यांच्या वाढदिवसाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मोठ्या नणंदेनं उठून सगळ्या पाहुण्यांसमोर तो थर्मास उघडला, हुंगला आणि म्हणाली, "हा चहा बघा." नणंद शाळेत मुख्याध्यापिका. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. त्याच संध्याकाळी तिनं कडकताईच्या लेकीची बॅग भरली. आई माणसात येईपर्यंत पोरगी माझ्याकडे राहील, म्हणाली. नवऱ्यानं मान डोलवली.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं झालं. रोलरवर वाफाळत्या चादरी ओढताना ती मनात एकच घोकायची: वन्संना एक दिवस माझ्या दारात उभं करीन. पण संध्याकाळ झाली की हात थर्मासकडे जायचा आणि सूड उद्यावर पडायचा. शेवटी तिला उमगलं, आपल्या वैऱ्याला आपली दारूच फितूर आहे.

दवाखान्यातल्या नर्सनं हळूच दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचा पत्ता सांगितला. टपाल कचेरीच्या मागची इमारत, दर मंगळवारी संध्याकाळी. कडकताई गेली, तर पाटी कसलीच नाही. "दारू सोडणाऱ्यांची" हे शब्द काही घशातून बाहेर पडेनात. वॉचमनला तिनं नुसतं "ती मीटिंग कुठंय?" असं विचारलं. त्यानं शेजारच्या इमारतीकडे बोट दाखवलं. तिथं पाण्याच्या टाकीवरून सोसायटीची भांडणं चालली होती. ती मुकाट बसली, टाकी बदलायच्या बाजूनं हातही वर केला, आणि घरी येऊन प्याली.

पुढच्या मंगळवारी तिला एक म्हातारा दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या घेऊन जिना चढताना दिसला. ती निमूट मागोमाग गेली. म्हातारा निवृत्त बस ड्रायव्हर होता आणि गट तोच चालवायचा. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला दारूबिरू सोडायची नाही. मला सूड घ्यायचाय. दारू मध्ये येते."

कुणी हसलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "मध्ये येते ना? मग बसा. सुडाचं मागाहून बघू."

बाकीचे देवासाठी, पोराबाळांसाठी सोडत होते. ही डुखावर सोडत होती. अंगाला कापरं भरलं की ती डोळ्यांपुढे वन्संचा चेहरा आणायची आणि दात आवळून रात्र काढायची. अशानं वर्ष गेलं. लेक परत आली. आणायला नवरा गेला. वन्सं काही दारात आल्या नाहीत, आणि डूख तसाच राहिला.

एका मंगळवारी ती जिन्याच्या वळणावर होती. खाली वॉचमनला कुणीतरी विचारत होतं, "ती मीटिंग कुठं असते हो?" शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज आज जेमतेम ओठांबाहेर पडत होता. वन्संनी कठडा धरला होता, आणि तो हात कसा थरथरतोय हे कडकताईला कुणी सांगायची गरज नव्हती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून यांना थर्मासचा वास कसा आला, तेही आता कळलं.

दोघींची नजरानजर झाली.

"मीटिंग ना, वन्सं?" कडकताई गोड आवाजात म्हणाली. "ती पलीकडच्या इमारतीत."

वन्सं गेल्या. कडकताई वर जाऊन बसली. आनंद झाला, खोटं कशाला सांगायचं? तिनं दोनदा चहा मागून घेतला.

आठवडा सरायच्या आत नवऱ्यानं बातमी आणली. वन्सं शाळेत, प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर कोसळल्या होत्या. तोंडाला वास होता. सक्तीची रजा मिळाली होती. जे मागितलं ते सव्याज मिळालं होतं, पण कडकताईला ते गोड लागेना. हे काम तिचं नव्हतं. बाटलीनं केलं होतं, आणि बाटलीला तिनं वर्षभर दाराबाहेर ठेवलं होतं.

मंगळवारी ती वन्संच्या दारात उभी राहिली. दार उघडलं. वन्संचे केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," कडकताई म्हणाली. "करीनसं वाटतही नाही. चपला घाला."

 वन्संनी चपला घातल्या. रस्त्यात अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मुद्दाम पाठवलंस मला?"

"हो."

"बरं वाटलं?"

"फार."

वर गेल्यावर ड्रायव्हरनं नव्या बाईंना विचारलं, तुम्ही कशासाठी आलात? वन्संनी समोर बोट केलं. "या बाईला मला पडलेलं बघायचंय. ते सुख मी तिला मिळू देणार नाही."

ड्रायव्हरनं दोघींकडे पाहिलं आणि खुर्च्या जरा लांब लांब सरकवल्या. तेव्हापासून दोघी दर मंगळवारी समोरासमोर बसतात, एकमेकींवर डोळा ठेवून. अजून एकीनंही दुसरीला ते सुख मिळू दिलेलं नाही.