सुतळीनं बांधलेला टॉवेल

आमच्याकडं टॉवेल-टोपीशिवाय माणसाचं लग्न होत नाही, आणि तेरावं तर होतच नाही. लाउडस्पीकरवर तुमचं नाव पुकारतात. मग कुणीतरी डोक्यावर टोपी चढवतो, ती एकतर कानापर्यंत उतरते नाहीतर टाळूवर डुगडुगते, आणि खांद्यावर टॉवेल पडतो. टॉवेल कसला, मच्छरदाणी! त्यानं अंग पुसलं तर पाणी तसंच राहतं, वरून सुतं चिकटतात. म्हणून तो कुणी वापरत नाही. पेटीत टाकायचा आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या खांद्यावर. माझी खात्री आहे, आख्ख्या जाफराबाद तालुक्यात टॉवेल मोजकेच आहेत, तेच वर्षानुवर्षं फिरून राह्यलेत.

नव्वदच्या पुढचं एक साल माझ्या घरात असेच टॉवेल ओतून गेलं. संक्रांतीला गावाकडं वाटण्या झाल्या, बांधावरून थोरल्या भावाशी वाजलं आणि बोलणं बंद झालं. चैत्रात वडील गेले. वर्षाच्या आत लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा, हे सांगणारे शहाणे मातीलाच हजर होते, म्हणून पोरीचं ठरलेलं लग्न वैशाखातच उरकलं. पावसाळ्यात वडीगोद्रीच्या शाळेतून बदली झाली, दसऱ्याला जालन्यात नवं घर. लोक विचारायचे, गुरुजी, कसं जमतं हो? मी छाती फुगवून सांगायचो, थांबायचंच नाही. गाढवसुद्धा ओझं उतरल्यावर घटकाभर उभं राहतं. मला तेवढीही अक्कल नव्हती.

नव्या घरात कपाट सरकवताना कंबर धरली. डॉक्टरांनी पंधरा दिवस पाठ टेकून पडायला सांगितलं आणि बघ्यांची रीघ लागली. एक सहकारी आले. उभी नोकरी त्यांनी वर्गात खुर्चीवर झोपून काढली, आणि मला म्हणाले, देवानंच बसवलं तुम्हाला, आता जरा शांतपणे मागं वळून पाहा. दोन कप चहा पिऊन गेले.

पाहिलं मग मागं वळून. चार दिवस मला फक्त दुसऱ्यांची पापं दिसली, त्यातही जास्त भावाची. लग्नात व्याह्यांच्या पाठोपाठ मी त्याचं नाव पुकारायला लावलं होतं. तो पुढं आला, मी टॉवेल टाकला. त्यानं तो हातात घेऊन बोटांनी चाचपून पाहिला, टोपी काढली आणि न जेवता निघून गेला. त्यावर कडी म्हणजे, तो टॉवेल त्यानं घराच्या दारातच खिळ्याला टांगला होता. येईल त्याला दाखवायचा, बघा, भावानं केलेला मान. गावाकडचे लोक मला येऊन हे चवीनं सांगायचे. मी म्हणायचो, चांगला बांध कोरून घेतला, तरी पोट भरलं नाही! एका टॉवेलसाठी रुसणारा असला हलका माणूस माझा भाऊ, याची मला लाज वाटायची.

पाचव्या दिवशी बायकोनं पेटी खाटेजवळ ओढून आणली. कुणी काय दिलं याच्या चिठ्ठ्या ती टाचणीनं लावून ठेवते, कारण ज्याचा टॉवेल त्यालाच परत गेला तर सात पिढ्यांचं वैर. घर हलवताना चिठ्ठ्या गळाल्या होत्या. पडल्या पडल्या एवढं तरी निवडा, म्हणाली. मी एकेक मच्छरदाणी बाजूला टाकत गेलो. अगदी तळाशी एक जाड, निळ्या काठाचा टॉवेल निघाला. त्यात टोपी गुंडाळलेली, वरून पोत्याला मारतात तशी सुतळीची गाठ. ती गाठ अण्णांची. आमच्या वडिलांची.

तेव्हा आठवलं. फाल्गुनात अण्णा एसटीनं वडीगोद्रीला आले होते. मी पेपर तपासत होतो, मान वर केली नाही. त्यांनी पिशवीतून हे काढलं आणि म्हणाले, "पोरीच्या लग्नात थोरल्याला हा घाल. तुझ्या हातानं. माझं नाव सांगू नको." मी हूं म्हणालो. चहा घेऊन ते पुढच्या गाडीनं परत गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते पांढऱ्या कापडाखाली. आणि लग्नाच्या गडबडीत हाताला लागली ती मच्छरदाणी भावाच्या खांद्यावर टाकून मी मोकळा झालो.

कंबरेला पट्टा आवळला आणि जाफराबादची गाडी धरली. बायको रस्त्यापर्यंत बोल लावत आली. भाऊ ओसरीत कापसाच्या ढिगापाशी बसला होता. ये म्हणाला नाही. दाराजवळ खिळ्याला माझा मान लोंबत होता. मी टॉवेल त्याच्यासमोर ठेवला. तो गाठीकडं बघत राहिला.

"आत्ता आणला व्हय?" तो म्हणाला. "दुकानात मीच होतो अण्णासंग. म्हनले, धाकट्यानं सांगून पाठवलंय, दादासाठी चांगला घ्या म्हणून. काठ बी मलाच निवडाया लावला. मंडपात मी ह्याचीच वाट पाहून राह्यल्तो."

मी कुणाकरवी काहीही सांगून पाठवलं नव्हतं. बाप दोन्ही पोरांना फसवून आम्हाला जोडायला निघाला होता, आणि पेपरातून मान वर न काढणारा हा मास्तर सहा महिने भावाला हलका म्हणत होता. थू माझ्या मास्तरकीवर!

"खरंच तू सांगितल्तं?" त्यानं विचारलं.

अण्णांनी नाव सांगू नको म्हटलं होतं. त्यांचं एवढं एक तरी ऐकायचं होतं.

"हो दादा," मी म्हणालो, "मीच सांगितल्तं."

त्यानं सुतळी तोडली नाही. नखांनी गाठ सोडवत बसला, आणि आतल्या खोलीकडं बघून वहिनीला चहा टाकायला सांगितला.