दिवेलागणीची पिशवी

व्हॅक्युम क्लीनरची पिशवी बदलताना खाली ओलसर वर्तमानपत्र पसरायचं आणि पिशवीचं तोंड दाबून ती हळूच काढायची, ही माझ्या बायकोची रीत. ती गेल्यावर महिन्याभराने मी तसंच केलं. चिमूटभरही धूळ सांडली नाही. पिशवीच्या तोंडाशी मात्र तिचे दोन पांढरे केस अडकलेले दिसले. शोकसभेतल्या भाषणांत तिच्याबद्दल एवढं खरं काही नव्हतं.

"बाबा, द्या, मी टाकून येते," मुलगी म्हणाली.

"दिवे लागलेत. आता केर बाहेर टाकू नये."

"आई हेच म्हणायची, तेव्हा तुम्ही हसायचात!"

मी पिशवी दाराआड ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी ती टाकायची विसरतो, आणि दिवे लागले की मला आठवते.