मैत्रिणीकडं चौकशी

मुलगी कशी आहे हे तिच्या घरच्यांना नाही, मैत्रिणीला विचारावं, अशी आमच्याकडं रीत. ज्यानं ही रीत काढली त्याला मैत्रीण नसणार.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघी पॅकिंगला होतो. खोली एक, स्टोव्ह एक, आणि मेलं नशीब असं की मनातला माणूसही एकच. गाव सोडून आमच्याच वस्तीत राहायला आलेला, मोर्चात सगळ्यांत पुढं असायचा. तिनं मला मनातलं सगळं सांगितलं होतं, मी तिला अक्षरही नाही. नामांतराच्या सत्याग्रहात तो तुरुंगात गेला, तो जाताना आईला तिचंच नाव सांगून गेला.

एका रविवारी त्याची आई सोयगावहून आली. मैत्रीण नळावर पाण्याला गेली होती. जयभीम झाला आणि म्हातारीनं थेट विचारलं, "पोरी, तिची तब्येत कशी हाय? खरं सांग."

माझ्या तोंडाला लगाम कधी नव्हताच. "बरी हाय. पण कामावर चक्कर येऊन पडती. फिटबिट असंल."

पडली होती ती एकदाच. का पडली, ते मला चांगलं ठाऊक होतं.

म्हातारी मलाच न्याहाळत म्हणाली, "तुझं जमलंय का कुठं?" तेवढ्यात मैत्रीण घागर घेऊन आत आली. मी चहाला उठले, तर म्हातारी तिला विचारतेय, "ही कशी हाय गं?"

"डोकं गरम हाय मावशी, पण मन लई साफ. मी आजारी पडले तवा आठ दिवस हिनंच माझं सगळं काढलं. डोळे झाकून करा."

म्हातारी निघाली तशी मी अनवाणी पळत सुटले. रिक्षात चढताना गाठलं. "मावशी, खोटं बोलले मी. तिला कायबी नाय. मी तापातून उठले होते, म्हणून तिनं तिचा डबा मला चारला आन् स्वतः उपाशी उभी राहिली. म्हणून पडली."

"मग असं का बोललीस?"

"मलाबी तुमचा पोरगाच पायजे होता."

"भवाने!" म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली.

परत आले तर मैत्रीण कपबश्या धूत होती. म्हटलं, "मी ते फिटचं बोलले ते दारातून ऐकलंस ना?"

"व्हय."

"मग माझं चांगलं कशाला सांगितलंस? येडी हायस का?"

"तिनं तुझ्याबद्दल विचारलं होतं. तुझ्याबद्दल खोटं कसं सांगू?"

मी तिथंच बसून भडाभडा रडले. तिनं चहा पुन्हा गरम केला.

तो सुटला, लग्न लागलं. सासूनं आणि सुनेनं त्याला यातलं काही कळू दिलं नाही. आजही नवरा-बायकोत वाजलं की तो मलाच निवाड्याला बोलावतो. म्हणतो, "तू सांग. तू खोटं बोलत नायस." तेव्हा ती खाली मान घालून भाजी निवडत राहते, आणि मला जेवल्याशिवाय जाऊ देत नाही.