सहाशे बारा दोष आणि भूगोलाचा पेपर

आमच्या घरचा कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे मी त्याच्या दुरुस्तीचीच हकीकत सांगणार आहे.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होतो, राहायला जेलरोडला. बायको, सुनंदा, शाळेत भूगोल शिकवायची. त्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मान काढलं, की दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर हाताने लिहिलेले चालणार नाहीत. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. आमच्या हिने मात्र भर स्टाफरूममध्ये सांगून टाकलं, "मला काय त्याचं! आमच्या घरी कॉम्प्युटर आहे." झालं! आता सोमवारी सकाळी छापलेला पेपर नेला नाही, तर तिला त्या स्टाफरूममध्ये तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. पंधरा दिवस एका बोटाने टाइप करून तिने चार पानं पुरी केली आणि रविवारी सकाळी बहिणीकडे पंचवटीला निघाली.

"अहो, दुपारी आले की प्रिंट काढायची आहे. तोवर कॉम्प्युटरला हात लावू नका."

"मी कशाला लावू?"

"तुम्ही कशाला लावता तेच आजवर कळलेलं नाही, म्हणून सांगतेय!"

आता खरं सांगायचं, तर तो कॉम्प्युटर सुरू व्हायला चांगली पाच मिनिटं घ्यायचा. आणि आमच्या शिफ्टमधल्या आहेरने (मूळचा सटाण्याचा, गावाकडच्या विहिरीवरची मोटर इथून फोनवर दुरुस्त करणारा गडी) मला एक सीडी दिली होती. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली. तिच्यात कॉम्प्युटर दुरुस्तीची सतरा हत्यारं, आणि सगळी फुकट! फुकटची वस्तू पडून राहिली की माझ्या जिवाला चैन पडत नाही.

पहिलं हत्यार चालवलं. थोडी घरघर झाली आणि पडद्यावर आकडा आला: सहाशे बारा दोष! प्रत्येकापुढे लाल फुली. आमच्याकडे नियम असा, की शिफ्ट संपताना पॅनलवर लाल दिवा ठेवून उठायचं नाही. पुढचा माणूस खुर्चीत बसतच नाही मुळी! बावीस वर्षं हे अंगात मुरलेलं. त्यामुळे एकही फुली वाचायच्या भानगडीत न पडता (इंग्रजीत होतं आणि बारीकही होतं) मी सगळं एकदम दुरुस्त करायचं बटण दाबलं. फुल्या साफ!

खात्री करावी म्हणून दुसरं हत्यार चालवलं. त्याला आणखी एकशे चाळीस दोष सापडले. त्यातला पहिला दोष म्हणजे पहिलं हत्यार! काढलं त्याला. तिसऱ्याने विचारलं, बिनकामाचे फॉन्ट पडलेत, काढू का? काढ बाबा, एवढं विचारतोयस तर काढ!

कॉम्प्युटर आता तीन मिनिटांत सुरू झाला. मी स्वतःसाठी चहा टाकला, आणि चहा पीत पीत कौतुकाने सुनंदाचा पेपर उघडला. "प्रश्न पहिला" असायला हवं होतं, तिथे टोपी घातलेले e, शेपटीवाले c आणि पौंडाची चिन्हं! चार पानं नुसती तीच गर्दी. (त्या काळी मराठीसाठी वेगळा फॉन्ट बसवावा लागे आणि तो गेला की मराठीही जाई. हे मला नंतर कळलं. मला सगळंच नंतर कळतं.)

मी आहेरला फोन लावला.

"सायेब, हा तर व्हायरस शे!"

"अरे, मग आता?"

"घाबरायचं काम नाय. नऊ नंबरचं हत्यार घ्या. फायल रिपेअर करतं ते. विचारेल तिथे हो म्हना!"

नऊ नंबरने पाच वेळा विचारलं. मी पाचही वेळा हो म्हणालो. मग पेपर उघडला, तर चारही पानं पांढरीशुभ्र. टोपीवाले e गेले होते. सुनंदाचे पंधरा दिवसही गेले होते.

आणि फाटक वाजलं.

"काढायची ना प्रिंट?"

"अगं... कॉम्प्युटर आता तीन मिनिटांत सुरू होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या सीडीकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसली. "पेपर कुठंय?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं हो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने डोळे पुसले, पर्समधून कच्ची वही काढली आणि कोरे कागद माझ्यापुढे आपटले.

"बसा. मी सांगते, तुम्ही लिहा. लॉगबुकात लिहिता तसं. प्रश्न पहिला, कारणे द्या!"

हे म्हणताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं मलाच विचारतेय. संध्याकाळपर्यंत मी काळ्या पेनने, पट्टी धरून, एकसारख्या अक्षरात चार पानं लिहिली. अक्षर माझं पहिल्यापासून छापील. तेवढंच एक माझ्यात न बिघडणारं. कोपऱ्यावर त्याची झेरॉक्स काढून आणली. सोमवारी ती देवाला नमस्कार करून शाळेत गेली आणि मी दिवसभर कंट्रोल रूममध्ये पॅनलवरचे काटे बघत मनातल्या मनात तिची माफी मागत होतो.

घरी आलो तर बाईसाहेब खुशीत!

"मुख्याध्यापिकाबाईंना फार आवडला पेपर. म्हणाल्या, काय सुरेख फॉन्ट आहे! शाळेच्या कॉम्प्युटरवर टाकून द्याल का?"

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, टाकता नाही येणार. पण दर रविवारी आमच्या घरी रिकामाच असतो, पेपर पाठवून देत जा."

त्या वर्षी नववीचा इतिहास, आठवीचं विज्ञान आणि सातवीचं हिंदी, या तिन्ही विषयांचा फॉन्ट मी होतो.