दोन मिनिटांचा जोडीदार

स्विंग नाचाच्या शिबिरात नेमकं काय असतं, असं आता आर्णीतले लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त पीटी मास्तरला हा प्रश्न विचारताना त्यांच्या मिशीत हसू असतं. मी मात्र सरळ उत्तर देतो. शनिवार आणि रविवार असे दोन दिवस असतात. सकाळी नावनोंदणी होते, मनगटावर कागदी पट्टी बांधतात. जोडे गुळगुळीत तळाचे हवेत. रबरी तळ फरशीला धरून बसतो आणि गुडघा मुरगळतो. दोन सदरे जास्तीचे न्यावेत, कारण घामेजलेल्या माणसाचा हात कोणाला धरावासा वाटत नाही. तोंडात लवंग ठेवावी. जोडीदार घरून नेण्याची गरज नाही. तो तिथेच मिळतो आणि दर दोन मिनिटांनी बदलतो.

ही शेवटची गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. सांगितली असती तर मी गेलोच नसतो, आणि एक खोटं माझ्याबरोबरच सरणावर गेलं असतं.

शिबिर माझ्या नातीनेच भरवलं होतं. ती पुण्यात नोकरी करते आणि तिथेच हा नाच शिकली. अमेरिकेतला जुना नाच आहे, कर्णे-ढोलांच्या बँडवर दोघांनी मिळून करायचा. लग्नाच्या तारखा नसलेला आठवडा बघून तिने यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातलं एक मंगल कार्यालय धरलं आणि आदल्या दिवशी मला फोन केला.

"आबा, बाया भरपूर झाल्या, माणसं कमी पडून राह्यले. तुम्ही उभे राहा."

"मले कोण नाचवते आता?"

"जनमभर शिट्टी मारून दुसऱ्यायले नाचवलं ना? आता दोन दिवस स्वतः नाचा."

गेलो. सकाळी पोहे-तर्री झाली आणि तिने सगळ्यांना दोन गोलांत उभं केलं. आतल्या गोलात चाल ठरवणारे, बाहेरच्या गोलात ती चाल उचलणारे. तिने "बदला!" म्हटलं की आतल्यांनी जागेवर थांबायचं आणि बाहेरच्यांनी एकेक माणूस पुढे सरकायचं. कोणाशी जमतं, कोणाशी नाही, असा प्रश्नच नाही. तासाभरात प्रत्येकाला प्रत्येकाचा हात धरावा लागतो.

सुरुवातीलाच आमची फजिती झाली. ती म्हणाली, गाण्यावर टाळ्या द्या. आम्ही यवतमाळचे लोक. शाळेतली लेझीम आणि वरातीचा बँड यांच्यावर वाढलेलो. सगळ्यांनी दणक्यात एकवर, तालाच्या पहिल्या ठोक्यावर, टाळी दिली. नात कपाळाला हात लावून म्हणाली, "एकवर नाही हो! दोनवर आणि चारवर!" पुन्हा केलं, पुन्हा एकवर. बाहेरच्या गोलातून फक्त एक टाळी बरोबर दोनवर येत होती. मी मान वळवून पाहिलं आणि माझे हात थांबले.

ती माझी विद्यार्थिनी होती. आता पन्नाशी ओलांडलेली, चष्मा, मोरपंखी पंजाबी ड्रेस. आर्णीत तिचं शिवणाचं दुकान आहे. त्या दुकानावरून जायला लागू नये म्हणून मी कित्येक वर्षं बाजारात मागच्या गल्लीने जात आलो आहे.

आता लिहितोच. ती शाळेत असताना जिल्ह्याच्या लेझीम स्पर्धेत आमच्या बत्तीस मुली उतरल्या होत्या. ती पहिल्या रांगेत होती, कारण सगळ्यांत पक्की तीच. आठ-आठ पावलांचे दोन भाग सरळ पुढे जायचं, मग माझी शिट्टी, मग सगळ्यांनी मागे वळायचं, असं ठरलेलं. पाहुण्यांची गाडी मैदानात शिरली, माझं लक्ष तिकडे गेलं आणि एकच आठ झालेलं असताना मी शिट्टी मारली. एकतीस मुली शिट्टीवर वळल्या. ती मोजून चालत होती. ती पुढेच गेली, एकटी, लेझीम वाजवत, थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांपर्यंत. सगळं मैदान हसलं. परतताना एसटीत हेडमास्तरांनी विचारलं, "चुकलं कोण?"

मी म्हणालो, "पुढची."

एवढा एकच शब्द. गाडीभर ऐकू गेला. ती खिडकीशी बसली होती, तिने मान वळवली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती लेझमीला आली नाही आणि मी तिला बोलावलं नाही. पोरी तिला "ए सरळ!" म्हणून हाका मारत. तिचं लग्न गावातच झालं, त्यामुळे ती हाक तिच्या लग्नातही कोणीतरी मारली. मी जेवायच्या पंगतीत होतो. मी हसलो.

ती बाई आता माझ्यापासून अकरा माणसं लांब होती.

"बदला!" दहा. "बदला!" नऊ. कोणत्या बाईबरोबर काय नाचलो, मला आठवत नाही. एकीच्या पायावर पाय दिला, तर ती म्हणाली, "काका, टेन्शन नका घेऊ." शेवटी ती समोर आली. तिने हात पुढे केला.

"नमस्कार सर. ओळखलं का?"

"ओळखलं." मी एक पाऊल मागे, एक पुढे टाकलं. "पोरी, मले तुले एक सांगायचं होतं. त्या स्पर्धेत..."

"बदला!" नात ओरडली.

ती पुढे सरकली. एवढी वर्षं गेली होती, आणि मला वाक्य पूर्ण करायला दोन मिनिटं पुरली नाहीत. पुढची पूर्ण फेरी मी ते वाक्य मनात घासत होतो, लहान करत होतो. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा हात धरल्याबरोबर बोललो.

"शिट्टी मी चुकलो होतो. तू बरोबर होती."

आठ मोजून झाले. आणखी आठ झाले. तिचा एकही पाय चुकला नाही.

"मले माहीत आहे, सर. मी मोजत होती."

"मग बोलली काहून नाही?"

"बदला!"

माझी नात फार वक्तशीर आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या फेरीत ती स्वतःच बोलली. शांतपणे, नाचता नाचता, जणू ब्लाउजचं माप सांगत होती. "बोलली होती ना. त्याच दिवशी मायले सांगतलं. माय म्हणे, मास्तर कायले खोटं बोलीन? तूच चुकली अशीन. मंग मी बी तसंच धरून चालली. आता चार लोकांसमोर उभी राह्यली की पाय जाग्यावर थांबते. दुकानाच्या उद्घाटनाले फीत कापाले बी नंदेलेच उभी केली."

"माय आहे?"

"आहे ना. घरीच."

"उद्या तिले घेऊन ये."

"कायले?"

"बदला!"

दुपारी जेवताना, सोले-वांग्याच्या, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांच्या भाजीवर, नात सगळ्यांना रविवारचं समजावत होती. दुपारी स्पर्धा. ज्याला भाग घ्यायचा त्याने चिठ्ठीवर नाव लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचं. चाल ठरवणाऱ्यांचा डबा वेगळा, चाल उचलणाऱ्यांचा वेगळा. दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढून जोडी ठरणार. गाणं कोणतं, तेही आधी सांगणार नाही. एकच नियम तिने दोनदा सांगितला: "जोडीदार चुकला तर त्याच्याकडे बघायचं नाही. त्याची चूक आपली करायची आणि नाचत राहायचं."

भाकरीचा घास माझ्या हातात तसाच राहिला.

कोणाचं नाव डब्यात पडतं, ते मी पाहत होतो. खरं तर त्या वर्गात माझ्या विद्यार्थिनीसारखा पाय कोणाचाच नव्हता. दुपारनंतर पुरुष कमी पडले तेव्हा ती आतल्या गोलात गेली आणि चाल ठरवू लागली. तासाभरात बाया तिच्याजवळ येण्याची वाट पाहू लागल्या. पण चिठ्ठी तिने टाकली नाही. नातीने विचारलं तर म्हणाली, "मी पाहाले बसतो. मले पाहाले आवडते."

रविवारी ती आईला घेऊन आली. म्हातारी माझ्याच वयाची, नऊवारी, हातात औषधांची पिशवी. पहिल्या रांगेत बसून तिने विचारलं, "हे कोणाचं लगन आहे व?"

नात स्पर्धा सुरू करणार तेवढ्यात मी माइक मागितला. तिला वाटलं मी आभार मानणार. मी शाळेत पंधरा ऑगस्टची भाषणं पुष्कळ केली आहेत. त्या दिवशी माझं बोलणं मोजून पाच-सहा वाक्यांचं होतं. मी समोर बसलेल्या म्हातारीकडे पाहूनच बोललो. लेझमीच्या स्पर्धेत शिट्टी मी चुकीच्या वेळी वाजवली. तुमची मुलगी एकटीच बरोबर होती. एसटीत मी तिचं नाव पुढे केलं, कारण माझी लाज मला झेपत नव्हती. तुम्ही मास्तरवर विश्वास ठेवला. मास्तर खोटं बोलला होता.

म्हातारी उठली. मला वाटलं, हात उगारेल. मी तयार होतो.

"सर," ती म्हणाली, "हे सांगाले तुमाले म्हातारं व्हा लागलं?"

"हाव."

"इतके वर्ष मी माया पोरीलेच खोटी म्हणत राह्यली. हे पाप तुमचं अर्धं आन् मायं अर्धं." मग तिने मुलीकडे वळून तिचा खांदा हलवला. "बसली काहून? ऐकलं नाही का? उठ! त्या डब्यात तुयं नाव टाक."

"माय, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे ना. त्याच्यासाठीच आले ते."

पूर्ण कार्यालय हसलं. ते हसणं वेगळं होतं. तिने पर्समधून दुकानाचं कार्ड काढलं, मागे नाव लिहिलं आणि चाल ठरवणाऱ्यांच्या डब्यात टाकलं.

तिच्या नशिबी यवतमाळचा एक तरणा मोटारसायकल मेकॅनिक आला. पोरगा धिप्पाड, हौशी आणि तालाला कच्चा, म्हणून त्याने चाल उचलणाऱ्यांच्या डब्यात नाव टाकलं होतं. गाणं लागलं ते फार वेगाचं. पहिल्या आठमध्ये तिचे पाय जागेवर थांबले. मी ते पाहिलं, तिच्या आईने पाहिलं. मग पोरानेच घाबरून हात सोडला आणि इशारा नसताना गर्रकन मागे वळला. आता ती पुढे तोंड करून आणि तो पाठ करून, असे दोघं सगळ्यांसमोर उभे.

मी खुर्चीतून अर्धा उठलो.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनेही गिरकी घेतली, एक नाही, दोन, आणि त्याच्या पाठीशी पाठ लावून उभी राहिली. खांद्यावरून हात मागे नेऊन त्याची बोटं पकडली आणि पुढच्या दोनवर त्याला असा फिरवून समोर आणला की लोकांना वाटलं, हे त्यांनी महिनाभर बसवलंय. शिट्ट्या, आरोळ्या! पोरगा मोठ्याने हसला, तीही हसली, आणि मग ती थांबलीच नाही. आम्ही सगळे टाळ्या देत होतो, आणि शपथेवर सांगतो, यवतमाळ जिल्ह्यातलं एक अख्खं कार्यालय दोनवर आणि चारवर टाळ्या देत होतं.

निकाल टाळ्यांवरच होता. नातीने एकेका जोडीच्या डोक्यावर हात धरला. तिच्या डोक्यावर हात आला तेव्हा बाहेर चहा उकळणारा आचारीही गाळणी घेऊन आत आला होता. पहिला नंबर जाहीर झाला. मेकॅनिकने तिला वाकून नमस्कार केला आणि तो म्हणाला, "ताई, माई इज्जत वाचवली तुमी."

"कायची इज्जत? नाचलो ना आपण?" ती म्हणाली.

स्पर्धा संपल्यावर शिबिराचा शेवटचा तास मोकळ्या नाचाचा असतो. कोणीही कोणालाही विचारू शकतं, वयाचं, ओळखीचं बंधन नाही. खुर्च्या भिंतीला लागल्या, गाणी सुरू झाली, आणि तिच्यासमोर रांग लागली. बाया होत्या, दोन कॉलेजातली पोरं होती, माझी नात होती. पहिल्या नंबरावर तिची माय उभी होती. औषधांची पिशवी तिने आचाऱ्याकडे धरायला दिली होती. मी मोजलं. माझ्यापुढे सहा जण होते. सदरा बदलला, लवंग तोंडात टाकली आणि रांगेत उभा राहिलो.