आर्डिसचं तिसरं नको

आमच्या गावात कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको, पण जरा खुर्ची पुढे सरकवत. तिसऱ्यांदा "आता एवढं म्हणताच आहात तर" म्हणून घ्यायचं. मिनेसोटाच्या या टोकाला, तळ्याकाठी, हे कुणी कुणाला शिकवत नाही. चर्चच्या तळघरात वड्यांचं ताट फिरतं, तेव्हा शेवटची वडी कुणी उचलत नाही. अर्धी कापतात, मग अर्ध्याची अर्धी. शेवटी ताटात एक कण उरतो आणि सगळे त्याच्याकडे प्रेमानं बघत बसतात.

आर्डिस टॉलेफसन या कलेतली महाराणी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभी हयात काढली. माझ्या आईच्या ताटात बटाटे तिनंच वाढले, माझ्याही. "पुरे का गंऽ? घे की, लाजतेस काऽय?" नाकातून, वाक्याचं शेपूट वर उचलून. यंदा बर्फावर घसरून तिचा खुबा मोडला. ती अंगणात आडवी पडलेली असताना माझ्या आईनं विचारलं, "आर्डिस, फार दुखतंय का?" तर म्हणते, "छे, चालायचंच. तुझी कॉफी निवत असेल, जा तू."

तिचा कुत्रा बटन. मांजराएवढाच. खालचा जबडा पार डावीकडे सरकलेला, घाईत लोटलेला ड्रॉवर तिरका अडकावा तसा. जीभ उजवीकडून लोंबायची, दोन दात ओठाबाहेर. वाडग्यात तोंड घातलं की अन्न तोंडात जायचं नाही, नुसतं वाडगं पुढे सरकायचं, थेट भिंतीपर्यंत. हाडच तसं, डॉक्टर म्हणाले, काही करता येणार नाही. मग आर्डिस उकडलेली टर्की आणि बटाटा एकत्र मळून सुपारीएवढे गोळे करायची, त्याच्या उजव्या गालात एकेक सरकवायची आणि हनुवटी अंगठ्यानं वर धरायची. "गिळ. गिळलास? खोटारड्या, दाखव बघू."

माझ्या आईनं भरवून पाहिलं, त्यानं गोळा तिच्या बुटावर टाकला. आर्डिसखेरीज तो एकाच माणसाच्या हातून खायचा, ती म्हणजे शेजारची जीना पेत्रोचेल्ली. जीना न्यू जर्सीची, इथल्या दवाखान्यात नर्स, आर्डिसच्या भिंतीला लागून असलेल्या अर्ध्या घरात भाड्यानं राहायची. बोलली की तावदानं थरथरायची. "अहो, हा तर हुबेहूब माझा काका! कवळी उलटी घातलेला!"

खुबा काही नीट जुळला नाही. अ‍ॅरिझोनातून आर्डिसच्या मुलाचा फोन आला. ईस्टरनंतर तिनं शहरातल्या वृद्धाश्रमात जायचं. तिथे कुत्रा चालत नाही. आमच्याकडे भावाला दमा. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, "कुणीतरी घेईलच की."

मी तिचं भांडं परत द्यायला गेले होते, तेव्हाच जीना आली. बूटसुद्धा न काढता म्हणाली, "आर्डिस, बटनला मी ठेवते."

"छे गं पोरी, तुला कशाला त्रास!"

हे म्हणताना आर्डिसचा हात बटनच्या टॉवेलांच्या गठ्ठ्याकडे गेलासुद्धा होता. जीनाचा चेहरा पडला. "बरं. तुमचा कुत्रा, तुमची मर्जी." आणि निघून गेली.

"येईल परत," आर्डिस दाराकडे बघत म्हणाली. "बूट काढले नव्हते ना, घाईत असेल."

घरी येऊन मी आईला म्हटलं, जीनाला सांगू या का? आई म्हणाली, "काही नको. आर्डिसला तोंड दाखवायला जागा राहील का?"

पुढे रोज दुपारी आर्डिस दोन कप मांडायची. एकदा तर वॉकर ढकलत, काखेत बटनला घेऊन साखर मागायला गेली. "याच्यासाठी घर बघतेच आहे अजून," असं दाराशी उभं राहून बोललीही. जीना म्हणाली, "मिळेल हो, चांगलं मिळेल!"

शनिवारी मी आर्डिसकडे असताना जीना आली ती कोटात एक गुबगुबीत पिल्लू घेऊन. "कुत्र्याची सवय लागली ना मला! शेतावरून आणलं. घरमालक एकच ठेवू देतो, नाहीतर भावंडंही आणली असती. बटनची सोय झाली?"

"झाली, झाली." आर्डिसनं पिल्लाचा ओठ उचलून पाहिला. "काय दात आहेत गं. सरळच्या सरळ."

मला राहवलं नाही. जीनाला तिच्या दारात गाठून सगळं सांगितलं. "म्हणजे तिला हो म्हणायचं होतं?" जीना किंचाळली. "मग हो म्हणायचं ना! मला वाटलं, बाईचा माझ्यावर भरवसा नाही!" आणि तश्शीच परत फिरली.

"आर्डिस! हे पिल्लू मी परत करते. बटन मला द्या."

"नको गं."

"हे झालं एक! बटन मला द्या."

"नको, पोरी."

"दोन! आता नीट ऐका, तिसऱ्यांदा विचारतेय. मला कळलंय तुमचं. द्या!"

पिल्लू कोटातच झोपलं होतं, जीनाच्या बटणाला तोंड लावून. आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली. "तो शेतकरी परत घेत नाही गं कुणाला. घेतलं तरी जिवंत ठेवत नाही."

"आर्डिस..."

"नको."

या वेळी वाक्याचं शेपूट वर गेलं नाही. जीना माझ्याकडे बघायला लागली, आता पुढे काय म्हणायचं असतं ते सांगेन म्हणून. पुढे काही नसतं. चौथ्यांदा आमच्याकडे कुणी विचारत नाही.

सोमवारी प्राण्यांच्या आसऱ्यातली बाई गाडी घेऊन आली. आर्डिसनं टर्कीच्या गोळ्यांचा डबा दिला, बटनचा उजवा गाल दाखवला, अंगठा कुठे धरायचा ते दाखवलं.

"हातानं भरवायला आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत हो," बाई म्हणाली. "बघू, जमेल तसं."

"जमेल की. जमलं तर." आर्डिस म्हणाली. "तुम्ही कॉफी घेता?"

"नको, नको."

आर्डिसनं पुन्हा विचारलं नाही.

मागच्या पिंजऱ्यात त्या बाईनं वाडग्यात कोरडं खाणं घालून ठेवलं होतं. बटननं तोंड घातलं. गाडी वळेपर्यंत वाडगं जाळीला जाऊन टेकलं होतं, आणि तो ढकलतच होता.