दुहेरी टाक्याची मोटार

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे 'दुहेरी' म्हणतात. बटण असो की अस्तर, एका टाक्यावर त्याचा विश्वास नाही. शाळेत माझ्या वर्गात होता, तेव्हा वह्यांनाही दोन-दोन कव्हरं घालायचा.

वडील गेल्यावर त्यांची साठ वर्षांची मोटार त्याच्याकडे आली. तिचं पोट वडिलांनाच ठाऊक. याला फक्त चालवता यायची. त्याने हौसेने सीटना नवी कव्हरं शिवली आणि दर रविवारी एक फेरी मारू लागला.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आई इस्पितळातून घरी यायची होती. "येईन तर आपल्या गाडीतूनच," तिने बजावलं होतं. "चार वाजता दारात उभी राहते." आणि दोन वाजता गाडी हूं की चूं करेना. त्याने मला हाक मारली.

बॅटरीच गेली असणार, म्हणून वडिलांच्या जुन्या पावतीवरचा बॅटरीचा नंबर कळवला आणि बॅटरीवाला नवी बॅटरी घेऊन आला. बॉनेट उघडलं, तर आत बॅटरीच नाही. डिकीत नुसती स्टेपनी. बॅटरीवाला गाडीखाली सरकला आणि पोटाशी अडकला.

"वडिलांनी काही सांगितलं नव्हतं?" तो खालूनच ओरडला.

"हात लावू देतील तर ना!"

"मग आईंना विचारा."

"नको. म्हणेल, घोडा झाला तरी एवढं कळत नाही."

साडेतीन वाजले. मी म्हटलं, "अरे, आई दारात ताटकळेल, ते चालेल?"

त्याने फोन लावला. पलीकडचं हसू आम्हालाही ऐकू आलं.

"माझ्या सीटखाली आहे रे वेड्या! चाळीस वर्षं तिच्यावरच बसून फिरले मी."

सीट उचलायला गेलो, तर हलेना. कव्हर सरकू नये म्हणून पठ्ठ्याने ते खालच्या गालिच्याला शिवून टाकलं होतं. अर्थातच दुहेरी! त्याची बायको दोन कात्र्या घेऊन धावली. नवरा-बायको दोन्हीकडून उसवू लागले.

"शिंपीदादा, बॅटरी पळून जाणार होती का?" बॅटरीवाल्याने विचारलं. हसता हसता दुहेरीच्या हातून कात्री पडली.

सीट निघाली, बॅटरी बदलली, किल्ली फिरली. गाडी अशी गुरगुरली की बॅटरीवाल्यानेच टाळ्या वाजवल्या.

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही इस्पितळाच्या दारात होतो. काठी टेकत आई आली, सीटवर बसली, लोंबणारं कव्हर तिने चाचपलं.

"उसवलंस?"

"उद्या पुन्हा शिवतो."

"खबरदार! बटणं लाव."

आता त्या कव्हरला सहा बटणं आहेत. प्रत्येक दोनदा शिवलेलं.